ठशात काय पडलंय ते बघ

मार्चचा शेवटचा आठवडा होता. टायोनेस्टाच्या वर, अ‍ॅलेगेनी नदीकडे उतरणाऱ्या एका ओल्या चढणीवर मी गुडघे टेकून बसलो, हरणाच्या लेंड्या चक्क हातात घेतल्या आणि ओरडलो, "सापडलं!" बरोबर आलेले शेजारचे आजोबा सावकाश वर आले. वय चौऱ्याहत्तर, उभा जन्म पिट्सबर्गजवळच्या पोलाद कारखान्यात गेलेला. त्यांनी माझ्या तळहातावरची एक लेंडी उचलली आणि दोन बोटांत चुरली. आत कोरडा, पिवळट भुसा.

"हरीण होतं खरं इथे," ते म्हणाले. "जानेवारीत."

मी मूळचा जुन्नरचा. पिट्सबर्गला येऊन बारा वर्षं झाली. हरणं इथे पहिल्या वर्षापासून ओळखीची, म्हणजे परसातली मेथी आणि टोमॅटोची रोपं रातोरात साफ करणारी. एका नोव्हेंबरात एक नर हायवेवर आडवा आला आणि माझ्या गाडीचं बॉनेट आणि उजवा दिवा दोन्ही घेऊन गेला. शिकारीचं मात्र कधी डोक्यात नव्हतं. शेजारचे आजोबा दर डिसेंबरात हरणाच्या मटणाचं एक पुडकं आणून द्यायचे. त्याला काळं वाटण लावून केलेला रस्सा एकदा त्यांनाच वाढला. घाम पुसत दोनदा घेतला आणि जाताना म्हणाले, "हे फुकट किती वर्षं खाणार? पुढच्या वर्षी तूच आण."

गावी फोनवर सांगितलं तर वडिलांचा पहिला प्रश्न, "तिकडे चालतं का रे हे?" प्रश्न बरोबरच होता. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून चितळ-सांबरावर बंदूक रोखली की तुरुंगच. पेनसिल्वेनियात लांडगा आणि प्यूमा दोन्ही कधीच संपले. हरणं मारायला मुख्यतः माणूस आणि गाड्याच उरले. त्यामुळे नराचा परवाना वेगळा, मादीचा वेगळा, कुठल्या भागात माद्यांचे किती द्यायचे ते राज्याचं खातं दरवर्षी ठरवतं. त्याआधी सुरक्षेचा वर्ग करावा लागतो. माझ्या बाकावर बारा वर्षांची एक मुलगी होती. रायफल घेऊन कुंपण कसं ओलांडायचं, या प्रश्नाचं उत्तर मी आठवत होतो तोवर तिने देऊनही टाकलं.

पण वर्गात शिकवतात ती सुरक्षा आणि कायदा. हरीण कुठे असेल, ते कोणी शिकवत नाही.

मला वाटलं होतं, जंगल वाचायला हंगामाच्या आधी, ऑक्टोबरात जायचं. आजोबा म्हणाले, मार्चमध्ये. बर्फ नुकतं वितळलेलं असतं, झाडाला एक पान नसतं, आणि मागच्या हंगामाच्या सगळ्या खुणा जमिनीवर उघड्या पडलेल्या असतात. खरंच होतं. बर्फाच्या वजनाने पानं चटईसारखी दबलेली, आणि त्या चटईत हरणांच्या वाटा गुरांच्या वाटेसारख्या खोल उमटलेल्या. पार पलीकडच्या धारेपर्यंत नजरेने जाता येत होतं.

वाटेच्या कडेला मनगटाएवढ्या जाडीच्या रोपट्यांची साल गुडघ्यापासून मांडीपर्यंत सोललेली दिसायची. याला इथे रब म्हणतात. सप्टेंबरात शिंगांवरची मखमली कातडी सुटली की नर शिंगं झाडावर घासतो. कातडी काढण्यापेक्षा कपाळाच्या ग्रंथीचा वास तिथे लावणं आणि मानेचा जोर काढणं हा त्याचा मोठा भाग. सोललेल्या बाजूवरून नर कुठून आला ते थोडंफार कळतं. एका ओळीत चार-पाच रोपटी एकाच बाजूने सोललेली असली, तर ती बाजू त्याच्या येण्याची. धारेच्या जरा खाली, वाऱ्याच्या आडोशाला बिछाने सापडले. पानांत दाबून केलेला लंबगोल, मीटरभर लांबीचा. एक मोठा आणि शेजारी दोन लहान दिसले की मादी आणि तिची पिल्लं. मोठा एकटाच असला तर नर असू शकतो. मी त्या बिछान्यात बसून पाहिलं. पाठीवर वारा येत होता आणि समोर सगळी उतरण दिसत होती. मागून येणारा वासाने कळणार, खालून येणारा डोळ्यांनी. बसायला जागा कशी निवडावी हे त्या जनावराकडून शिकावं.

कुरतडलेल्या डहाळ्यांनी मला माझ्याच गावात नेऊन सोडलं. मी एक टोक दाखवून म्हटलं, हे हरणाने खाल्लंय. आजोबा म्हणाले, सशाने. सशाने तोडलेली डहाळी चाकूने तिरपी कापल्यासारखी स्वच्छ असते. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, ते डहाळी धरून ओढतं, म्हणून टोकाला फाटका धागा राहतो. आमच्याकडे घरात चार शेळ्या होत्या. शेळीला वरचे पुढचे दात नसतात हे मी पाच वर्षांचा असल्यापासून जाणतो. हरीण त्याच जातकुळीतलं, हे इंजिनिअर झालेल्या डोक्यात शिरायला पेनसिल्वेनियाचा डोंगर लागला.

त्याच दिवशी वनखात्याने उंच जाळी घालून राखलेला एक तुकडा पाहिला. जाळीच्या आत रोपांची एवढी गर्दी की हात घालायला जागा नाही. बाहेर, जिथवर नजर जाते तिथवर फक्त नेचे. हरणं त्या नेच्याला तोंड लावत नाहीत, बाकी बहुतेक सगळं खातात. मी तोवर पायाखालच्या खुणा शोधत होतो. अख्खं जंगलच एक खूण होतं, ते जाळीशेजारी उभं राहिल्यावर दिसलं.

ठशांबद्दल मात्र खूप थापा चालतात. खुराच्या मागे दोन ठिपके उमटलेले असले, म्हणजे मागच्या छोट्या खुरांचे, तर तो नर असं दहा जण छातीठोकपणे सांगतील. मऊ चिखलात किंवा पळताना मादीचेही ते उमटतात. ठसा खूप मोठा आणि खोल असला तर बहुधा मोठा नर, एवढंच म्हणता येतं, आणि तेही बहुधा. मी दोघातिघांशी यावर वाद घालून पाहिला, आता घालत नाही.

आजोबांचा हट्ट वेगळाच होता. मी "इथे ठसा आहे" म्हटलं की ते विचारायचे, "कधीचा?" प्रत्येक वेळी. लेंड्या दाखवल्या की कधीच्या. सोललेलं झाड दाखवलं की कधीचं. चौथ्या-पाचव्यांदा ऐकल्यावर मला माझे सख्खे आजोबा आठवले. जुन्नरकडे उसात बिबटे राहतात, तिथेच त्यांची पिल्लं होतात, हे आता सगळ्यांना माहीत आहे. आमच्या उसाच्या बांधावर सकाळी ठसा दिसला की मी घाबरून ओरडायचो आणि आजोबा धोतर सावरत खाली बसायचे. एकदा म्हणाले, "पाणी रात्री दोनला आलंय. ठसा वल्या मातीवर हाय का कोरड्या? वल्या. म्हंजी दोनच्या म्होरं. आता त्यात काय पडलंय? काय न्हाय. पान न्हाय, दव न्हाय, मुंगी न्हाय. आत्ताच गेलाय. ठसा काय बघतोस, ठशात काय पडलंय ते बघ." त्या काळी शेतीची वीज रात्रीच यायची. भारनियमनाचं वेळापत्रक हेच त्यांचं घड्याळ.

हे मला आठवलं, पण आठवणं वेगळं आणि करता येणं वेगळं. ते पुढच्या आठ महिन्यांत कळलं.

उन्हाळ्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. नेचे कंबरेएवढे वाढतात, काही दिसत नाही, आणि गोचिडी चढतात. इथली गोचीड लाइमचा आजार देते आणि तिचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं. घरी आल्यावर बायको टॉर्च घेऊन मला तपासायची आणि जे बोलायची ते इथे लिहीत नाही.

सप्टेंबरच्या शेवटी ओकची फळं पडायला लागली आणि शिकवणी पुन्हा सुरू झाली. आमच्या डोंगरावर चेरी, बीच, मेपल भरपूर, पण नदीच्या बाजूच्या धारेवर ओक आहेत. पांढऱ्या ओकचं फळ त्याच वर्षी पिकतं आणि कमी तुरट असतं. लाल ओकच्या फळाला दोन वर्षं लागतात आणि ते जास्त कडू. दोन्ही शेजारी पडलेली असली तर हरणं आधी पांढऱ्याखाली जातात. मी दोन्ही चावून पाहिली. लाल ओक म्हणजे कच्ची सुपारी आणि कात एकत्र चघळल्यासारखं, तोंड आतून आवळून येतं. पांढरा त्या मानाने बरा, पण मागून खाणार नाही.

मी धारेवरचे पांढरे ओक नकाशावर एक एक करून मांडले. कोणत्या झाडाखाली फोडलेली टरफलं जास्त, कुठे लेंड्या ताज्या, सगळं वहीत. त्याच सुमाराला मला 'स्क्रेप' सापडले, एक नाही, एका उतारावर वीस-पंचवीस. स्क्रेप म्हणजे माजावर येणारा नर पुढच्या खुराने पानं बाजूला सारून माती उघडी करतो, तिथे मुततो आणि वरच्या लोंबत्या फांदीला तोंड, कपाळ घासतो. मी फोटो पाठवले. आजोबांचं उत्तर आलं, "टर्की."

जाऊन दाखवलं त्यांनी. रानातल्या टर्की पक्ष्यांचा थवा खाणं शोधताना पानं मागे फेकत जातो. सगळी उतरण उकरलेली दिसते, पण माती नीट उघडी होत नाही आणि वर फांदी नसते. खरा स्क्रेप त्यांनी धारेवर, दोन वाटा मिळतात तिथे दाखवला. घमेल्याएवढी काळी, ओली माती, मध्ये एक स्वच्छ खूर. वर छातीच्या उंचीला बीचची एक फांदी, टोकाला चावून चावून झाडूसारखी झालेली. वाकून वास घेतला तर गोठ्यासारखा, पण उग्र. एकदा खरा स्क्रेप पाहिला की पुन्हा टर्कीला फसत नाही, फक्त तोवर पंचवीस फोटो पाठवून झालेले असतात.

आता सगळं जमलं असं मला वाटलं. ताजा स्क्रेप, नोव्हेंबरचा पहिला आठवडा, माजाचा काळ. मी क्रॉसबोसाठी धनुष्य-शिकारीचा परवाना काढला, रजा टाकली आणि त्या स्क्रेपपासून वीस पावलांवर मचाण बांधून पाच दिवस बसलो. अंधारात चढायचं, अंधारात उतरायचं. रोज सकाळी स्क्रेप नव्याने उकरलेला असायचा. रोज! आणि दिवसभरात शेपूटसुद्धा दिसत नव्हतं.

चौथ्या संध्याकाळी एक मादी खालून वर येताना दिसली. चाळीस पावलांवर थबकली, मान वर केली, पुढचा पाय आपटला आणि फुस्स करून अशी काही शिंकली की माझ्याच छातीत धस्स झालं. पांढरी शेपटी निशाणासारखी उभारून गेली. दिवसा ऊन पडलं की हवा उतारावरून वर सरकते आणि संध्याकाळी गार होऊन खाली वाहते. मी वर बसलो होतो, ती खालून आली. शिवाय जॅकेट स्वयंपाकघराशेजारच्या कपाटात टांगलेलं. पेनसिल्वेनियाच्या हरणाला हिंग-मोहरीची फोडणी म्हणजे काय वाटत असेल कोण जाणे. जॅकेट आता गॅरेजमध्ये असतं.

पाचव्या दिवशी झाडाला लावलेल्या कॅमेऱ्याचं कार्ड काढून आणलं. रात्री ११ वाजून ४२ मिनिटं. २ वाजून १० मिनिटं. ४ वाजून ५५ मिनिटं. आठ फोटो शिंगांचे, एकही उजेडातला नाही. स्क्रेपवर नर येतात ते बहुतेक रात्रीच, हे पुढे ज्याला त्याला विचारलं त्याने सांगितलं, जणू हे कोणालाही माहीत असतं. माझी खूण ताजी होती, जागा बरोबर होती, जनावरही तेच. मी फक्त "रोज" एवढंच वाचलं होतं, "किती वाजता" वाचलंच नव्हतं. आजोबांना फोन केला तर ते हसले नाहीत. हसले असते तर बरं वाटलं असतं.

रायफलचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतर सुरू होतो. पूर्वी सोमवारी व्हायचा, आणि इथल्या खेड्यांतल्या शाळांना त्या सोमवारी सुट्टी असायची. बऱ्याच ठिकाणी अजून असते. २०१९ पासून शनिवारी सुरू होतो. अंगावर, डोक्यासकट, चारी बाजूंनी दिसेल असं २५० चौरस इंच भगवं-केशरी कापड घालावं लागतं. पहाटेच्या अंधारात जंगलाच्या वाटेवर असे ठिपके हलताना पाहिले आणि मला दिंडीच आठवली. एवढी माणसं शिरल्यावर जुन्या खुणा बहुतेक निकामी होतात. जनावर आपल्या वाटा सोडून देतं. पहिल्या शनिवारी मला काही मिळालं नाही.

दुसऱ्या शनिवारी रात्रभर बर्फ पडत होतं. आजोबांचे गुडघे धरले होते, म्हणून ते खाली रस्त्यावर ट्रकमध्ये थर्मास घेऊन बसले. मी पावणेसहाला एकटा धारेवर चढलो, अजून भुरभुर चालूच होती. ओकखाली पाठ टेकून बसलो. सव्वासहाच्या सुमाराला बाहीवर नवे कण पडायचे थांबले. हे मी मुद्दाम पाहिलं नव्हतं, थंडीने दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून पाहिलं.

आठ वाजता बोटं बधिर झाली आणि मी आलो त्याच वाटेने परत निघालो. शंभरेक पावलं खाली आलो आणि थांबलो. पहाटेच्या माझ्या बुटाच्या ठशात, बरोबर टाचेवर, हरणाचा खूर उमटला होता.

मी तिथेच खाली बसलो. बुटाच्या ठशात साखर भुरभुरावी तसा बर्फाचा पातळ थर होता. खुराच्या ठशात काही नव्हतं. तळाशी दोन्ही नखांच्या रेषा कोरल्यासारख्या, कडेचे कण अजून सुटे. बर्फ थांबलं सव्वासहाला. आता आठ. मी डोंगरावर पाठ फिरवून बसलो असताना, या पावणेदोन तासांत, ती माझ्या मागून गेली होती. ठशात काय पडलंय? काय न्हाय.

पुढची दोनशे-अडीचशे पावलं चालायला मला तास लागला. एक पाऊल, थांबायचं, बघायचं. वारा तोंडावर होता. ठसे घाईत नव्हते. एका ठिकाणी तिने पानं उकरून काही खाल्लं होतं, पुढे एका मेपलच्या फुटव्याची टोकं ओढली होती, फाटका धागा ओला. मग हेमलॉकची गर्दी लागली, आणि तिथे बर्फावर लेंड्या. काळ्याभोर, चकचकीत, आणि प्रत्येकीखाली बर्फात छोटासा खड्डा वितळलेला. हातमोजा काढून एक दाबली. मऊ होती. आणि कोमट.

मी मान वर करायला घाबरलो. हळूच केली तेव्हा आधी काही दिसलं नाही, मग हेमलॉकच्या दोन बुंध्यांमध्ये एक कान हलला. पन्नास पावलं. ती एक पाऊल पुढे येऊन आडवी होईपर्यंत किती वेळ गेला सांगता येणार नाही. बार झाल्यावर ती उडी मारून दिसेनाशी झाली.

आजोबांनी बजावलं होतं, काही झालं तरी अर्धा तास हलायचं नाही. लगेच मागे गेलं तर जखमी जनावर जीव घेऊन मैलभर पळतं, शांत सोडलं तर जवळ बसतं. मी घड्याळ लावून बसलो. मग तिथे गेलो. बर्फावर लाल रक्त, भडक, आणि त्यात बारीक फेस. फेस म्हणजे फुप्फुस. काळपट लाल असतं तर यकृत, हिरवट घाण आणि वास असता तर पोट, आणि मग कित्येक तास थांबावं लागलं असतं. साठ-सत्तर पावलांवर ती पडलेली होती. जवळ गेल्यावर पापण्या किती लांब असतात ते दिसलं. मी बराच वेळ नुसता उभा होतो.

परवान्याचा कागद भरून कानाला बांधला आणि आजोबांना बोलावलं. ते गुडघे धरत धरत वर आले, काही न बोलता माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चाकू काढला. पोट साफ करून झाल्यावर त्यांनी एक काम केलं जे मला कोणी सांगितलं नव्हतं. जठर बाजूला ओढलं आणि त्यावर एक चीर दिली.

मी वही काढून तयारच होतो. मार्चपासून मी ती धार अभ्यासली होती, तेवीस पांढरे ओक मांडले होते, कुठल्या झाडाखाली किती टरफलं ते सगळं लिहिलं होतं. मी पुढे वाकलो. आत पिवळं होतं.

"मका," आजोबा म्हणाले आणि चाकूने खाली नदीकडे, दीड मैलावरच्या शेतांकडे बोट करावं तशी खूण केली.

"आणि ओक?"

त्यांनी चाकूच्या टोकाने जरा चाळवून पाहिलं. टरफलाचे दोन-तीन तुकडे निघाले.

"वाटेत तोंडात टाकलं असेल," ते म्हणाले. मग चाकू बर्फात खुपसून पुसला. "मार्चमध्ये खालून सुरू करू."